परदेशातलं मुलांचं शिबिर: काहीच न विचारता बोलावणाऱ्यापासून सावध

निकाल लागायच्या सुमारास मोबाईलवर एक जाहिरात हटकून दिसू लागते. परदेशात मुलांच्या समर कॅम्पमध्ये स्वयंसेवक व्हा, राहणं-जेवण मोफत, प्रमाणपत्र मिळेल, अनुभवाची गरज नाही. खाली हिरवळीवर रंगीत टी-शर्ट घातलेली गोरी मुलं आणि त्यांच्यामध्ये हसत उभा असलेला एखादा भारतीय तरुण. बेळगाव असो, फोंडा असो की इंदूर-बडोदा, कॉलेजात शिकणाऱ्या पोराच्या घरी मग दोन तट पडतात. आईला वाटतं, एवढ्या लांब कशाला. वडील विचारतात, खर्च किती. प्रश्न दोन्ही रास्त आहेत, पण तिसरा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. ज्या शिबिरात परक्याची लहान मुलं सांभाळायची आहेत, ते शिबिर आपल्याबद्दल काय विचारतंय?

काहीच विचारत नसेल, तर ते बोलावणं बाजूला ठेवलेलं बरं. असं का, हे कळण्यासाठी आधी काम काय असतं ते पाहायला हवं.

सकाळी सोडायचं, संध्याकाळी न्यायचं

शिबिर म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे राष्ट्र सेवा दलासारख्या संघटनांची मुक्कामी शिबिरं, दुसरी म्हणजे मे महिन्यात शाळेत किंवा मंगल कार्यालयात भरणारा दोन तासांचा छंदवर्ग. परदेशातला 'डे कॅम्प' या दोहोंच्या मधला. मुलं सकाळी आठ-नऊला येतात, दुपारी तीन-चारपर्यंत थांबतात आणि रात्री आपापल्या घरी झोपतात.

अमेरिकेत उन्हाळी शिबिरांची परंपरा जुनी आहे. कनेक्टिकट राज्यातल्या फ्रेडरिक गन या शिक्षकानं १८६१ साली शाळेतल्या मुलांना तंबू-राहुट्यांसह बाहेर नेलं, तिथून अमेरिकन कॅम्पची सुरुवात मानतात. आज मात्र डे कॅम्पमागचं मोठं कारण निसर्गप्रेम नाही, आईवडिलांची नोकरी आहे. अमेरिकेत शाळांना उन्हाळ्यात दहा-अकरा आठवडे सुट्टी. इंग्लंडमध्ये सुमारे सहा. घरात आजी-आजोबा नाहीत, शेजारी ओळखीचे असतीलच असं नाही. मग मूल ठेवायचं कुठे? म्हणजे खेळ, चित्रकला, पोहणं हे सगळं असलं तरी डे कॅम्पचा अर्धा भाग मूल सांभाळण्याचा असतो. फ्रान्समध्ये तर नगरपालिका अशी केंद्रं चालवतात आणि तिथे मुलांना खेळवण्यासाठी 'बाफा' नावाचं वेगळं प्रमाणपत्र असतं.

हे लक्षात न घेता गेलेल्या तरुणाचा पहिल्याच आठवड्यात भ्रमनिरास होतो. तो जातो खेळ शिकवायला आणि त्याचा निम्मा दिवस मुलं मोजण्यात जातो.

मोजणी, पुन्हा मोजणी

मोजणी म्हणजे अक्षरशः मोजणी. बसमधून उतरताना डोकी मोजायची, मैदानावर गेल्यावर मोजायची, जेवणाआधी आणि जेवणानंतर मोजायची. अमेरिकन कॅम्प असोसिएशन ही १९१० साली स्थापन झालेली संस्था. डे कॅम्पसाठी तिचं प्रमाण असं: सहा ते आठ वर्षांच्या आठ मुलांमागे एक मोठा माणूस, नऊ ते चौदा वयाच्या दहा मुलांमागे एक, पाच वर्षांच्या आतली असतील तर सहांमागे एक. आपल्याकडच्या साठ मुलांच्या वर्गाची सवय असलेल्याला आठ म्हणजे किरकोळ वाटतात. पण त्या आठांपैकी एकाला शू लागलेली असते, एकाची चप्पल तलावात पडलेली असते, एक रुसून झाडामागे बसलेला असतो आणि उरलेल्या पाचांना तुम्ही सांगितलेला खेळ नको असतो.

सकाळी मूल कुणी सोडलं आणि संध्याकाळी कुणी न्यायचं, याची लेखी यादी असते. यादीत नाव नसेल तर सख्खा काका आला तरी मूल सोडायचं नाही. 'अहो, मी त्याचा मामाच आहे' या वाक्यावर आपल्याकडे दरवाजा उघडतो, तिथे फोन लावला जातो. पोहण्याच्या वेळी मुलांच्या जोड्या लावतात. शिट्टी वाजली की प्रत्येकानं जोडीदाराचा हात धरून वर करायचा. एखादा हात एकटा दिसला की तलाव रिकामा करून शोध सुरू.

जेवणाचा डबा हा वेगळाच विषय. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेली मुलं जवळजवळ प्रत्येक शिबिरात असतात. अशा मुलाचं इंजेक्शन कुठे ठेवलंय आणि ते कसं द्यायचं, हे पहिल्या दिवसाच्या प्रशिक्षणात शिकवतात. पुष्कळ शिबिरांत शेंगदाण्याला पूर्ण बंदी असते. त्यामुळे आईनं प्रेमानं बांधून दिलेली शेंगाचटणी आणि चिक्की खोलीवरच राहू द्यायची, मुलांमध्ये वाटायला काढायची नाही. बेळगावचा कुंदासुद्धा विचारल्याशिवाय कुणाच्या हातावर ठेवायचा नाही, कारण दुधाची ॲलर्जीही तितकीच खरी.

मग अंगाला हात लावण्याचे नियम येतात. इथे आपली माणसं सर्वात जास्त अडखळतात. गोड मूल दिसलं की गालगुच्चा घेणं, मांडीवर बसवणं, खोडी काढली तर पाठीत हलकी चापट देणं हे आपल्या घरात सहज चालतं. तिथे चापट म्हणजे त्याच दिवशी काम सुटणं, आणि कदाचित पोलिसांत तक्रार. कोणत्याही मोठ्या माणसानं एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहायचं नाही, हा नियम जवळपास सगळीकडे आहे. मुलाला एकांतात काही सांगायचं असेल तर इतरांना दिसेल अशा जागी, थोडं बाजूला घेऊन बोलायचं. मुलांचे फोटो आपल्या मोबाईलवर काढायचे नाहीत, मग इन्स्टाग्रामवर टाकणं दूरच. शिबिर संपल्यावर मुलांशी खासगी चॅटिंग नाही. आणि एखाद्या मुलाच्या अंगावर वळ दिसले किंवा त्यानं घरातलं काही सांगितलं, तर ते पोटात न ठेवता वरिष्ठांना कळवायचं. अमेरिकेच्या अनेक राज्यांत अशी माहिती दडवणं हा कायद्यानं गुन्हा आहे.

पहिल्यांदा ऐकताना हे सगळं अविश्वासाचं वाटतं. 'आम्ही काय चोर आहोत का?' असं एखाद्याच्या तोंडून निघूनही जातं. पण या नियमांमागे काय घडून गेलंय, ते गोव्याच्या वाचकाला सांगायची गरज नसावी. अनाथ मुलांसाठी वसतिगृह चालवणारा म्हणून मडगाव परिसरात ज्याला मान होता, त्या फ्रेडी पीट्सला १९९१ साली अटक झाली. मुलांचं लैंगिक शोषण आणि त्यात परदेशी माणसांचा सहभाग उघड झाला. १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. पुढे २००३ साली गोव्यानं मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. इतकी वर्षं त्या माणसाला कुणी विचारलं नाही, कारण तो 'समाजसेवा' करत होता. सेवेचं नाव पुढे केलं की चौकशी थांबते, याचा फायदा घेणारे जगभर आहेत.

म्हणून चांगलं शिबिर तुमची चौकशी करतं. ओळखीच्या दोन-तीन माणसांची पत्रं मागतं, त्यांना खरोखर फोन करतं. व्हिडिओवर मुलाखत घेतं. रागावलेल्या मुलाला कसं हाताळाल, असं विचारतं. पोलीस पडताळणी मागतं. हे काहीच न करता नुसते पैसे भरायला सांगणारा तुम्हाला जसा विनाचौकशी घेतो, तसाच दुसऱ्या कुणालाही घेत असणार. त्याच्या ताब्यातल्या मुलांचं काय होत असेल?

नेपाळमधल्या काठमांडूच्या आसपासच्या अनाथालयांबद्दल हेच घडलं. परदेशी स्वयंसेवक पैसे भरून येतात म्हटल्यावर मुलं हवीत, म्हणून खेड्यांतून आईवडील हयात असलेली मुलं आणून ठेवली गेली. ऑस्ट्रेलियाच्या संसदेनं २०१७ मध्ये आधुनिक गुलामगिरीवर चौकशी केली, तिच्यात हा विषय आला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही २०१९ च्या बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्याची दखल घेतली. त्या मानानं डे कॅम्प बरा म्हणायचा तो एका साध्या कारणासाठी. मूल संध्याकाळी घरी जातं आणि घरी कुणीतरी विचारतं, आज काय केलंस? ज्या ठिकाणी मुलांना असं विचारणारं कुणी नाही, तिथे चार आठवड्यांसाठी जाऊन लळा लावून परत येण्यात सेवा किती आणि हौस किती, हे जाणाऱ्यानं स्वतःला विचारावं.

कोणत्या दरवाजानं जायचं

आता व्हिसा. सर्वात जास्त घोळ इथेच होतो. 'पगार घेत नाही म्हणजे काम नाही, मग टुरिस्ट व्हिसा चालेल' हा समज सर्रास आहे आणि बहुतेक ठिकाणी चुकीचा आहे. विमानतळावर बॅगेत शिबिराचं पत्र सापडलं आणि व्हिसा पर्यटनाचा असला, तर तिथूनच परत पाठवणी होऊ शकते. ती नोंद पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात मागे लागते.

अमेरिकेला शिबिरासाठी जाण्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे जे-१ व्हिसातला 'कॅम्प काउन्सेलर' प्रकार. गंमत अशी की त्याला स्वयंसेवा म्हणणं चुकीचंच आहे. नियमानुसार शिबिरानं परदेशी तरुणाला अमेरिकन सहकाऱ्याइतकाच पगार आणि सवलती द्यायच्या असतात. वय किमान १८ हवं, इंग्रजी नीट यायला हवं, आणि विद्यार्थी, शिक्षक, मुलांबरोबर काम करणारा किंवा एखादं खास कौशल्य असलेला माणूस हवा. मुदत जास्तीत जास्त चार महिने. अर्ज थेट शिबिराकडे करून भागत नाही. अमेरिकन परराष्ट्र खात्यानं मान्यता दिलेली प्रायोजक संस्था लागते आणि तीच डीएस-२०१९ हा कागद देते. तो हातात आल्याशिवाय व्हिसाची मुलाखत नाही. आणखी एक नियम लक्षात ठेवण्यासारखा: या व्हिसावर गेलेल्याला स्वयंपाकी, भांडी घासणारा, झाडलोट करणारा किंवा ऑफिसातला कारकून म्हणून लावता येत नाही. त्यामुळे 'कॅम्पमध्ये किचनचं काम आहे, व्हिसा काउन्सेलरचा काढू' असं कुणी सांगत असेल, तर तो नियम मोडायला सांगतोय.

ब्रिटनचं वेगळं आहे. तिथे 'चॅरिटी वर्कर' नावाचा तात्पुरता व्हिसा आहे. काम बिनपगारी, संस्था धर्मादाय आणि सरकारकडे प्रायोजक म्हणून नोंदलेली, मुदत बारा महिन्यांपर्यंत. अर्जदाराकडे खात्यात १,२७० पौंड दाखवावे लागतात किंवा संस्थेनं खर्चाची हमी घ्यावी लागते. साध्या व्हिजिटर व्हिसावर ब्रिटनमध्ये नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा चालते, पण ती सवलत नफ्यासाठी चालणाऱ्या शिबिराला लागू नाही. युरोपातल्या इतर देशांचे नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे त्या-त्या दूतावासाच्या संकेतस्थळावर लिहिलंय तेच खरं मानावं. एजंटच्या व्हॉट्सॲपवरचं नव्हे.

तिसरा दरवाजा जुना, आणि भारताशी जोडलेला. पियरे सेरेसोल या स्विस शांततावाद्यानं पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, फ्रान्समध्ये व्हर्दँजवळच्या उद्ध्वस्त गावात वेगवेगळ्या देशांच्या लोकांना एकत्र आणून घरं उभारायला सुरुवात केली. त्यातून 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना झाली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः बिहारमध्ये येऊन राहिले आणि खेडी पुन्हा वसवण्याच्या कामाला लागले. या परंपरेतली कामशिबिरं दोन-तीन आठवड्यांची असतात. काही ठिकाणी बांधकाम, काही ठिकाणी शेती, काही ठिकाणी मुलांसाठी सुट्टीतले खेळ. यजमान राहणं-जेवण देतो. विमानाचं तिकीट, व्हिसा आणि थोडी सहभाग फी स्वयंसेवकाची. अर्ज आपल्या देशातल्या शाखेमार्फत जातो. पगार नाही, झगमगाटही नाही, पण कोण कुणाला कशासाठी पैसे देतंय हे स्वच्छ दिसतं.

पैसे कुणीकडून कुणीकडे

शेवटी सगळ्या जाहिरातींची परीक्षा याच एका गोष्टीवर होते. परदेशी नोकरी म्हणून कुणी भरती करत असेल, तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली त्याची नोंदणी हवी. नोंदणीकृत एजंटची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. अशा एजंटनं घ्यायच्या सेवाशुल्कावर ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. तेव्हा 'स्वयंसेवा' म्हणून दोन-तीन लाख मागणाऱ्यानं हा शब्द का निवडला, याचा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही. नोकरी म्हटलं की कायदा लागतो, सेवा म्हटलं की पावतीसुद्धा कुणी मागत नाही.

वेळेवरूनही बरंच कळतं. अमेरिकन शिबिरं जून ते ऑगस्टमध्ये चालतात आणि परदेशी तरुणांची निवड आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून सुरू होऊन हिवाळ्यात बरीचशी उरकते. मे महिन्यात जाहिरात आणि जूनमध्ये विमान, हे गणित बसत नाही. शिवाय अनेक विद्यापीठांच्या सत्र परीक्षा नेमक्या जून-जुलैत येतात, तेही आधीच पाहावं. हजेरीसाठी कॉलेज सवलत देईल, परीक्षेसाठी देणार नाही.

कागदावरचं नाव

सीमाभागातल्या मुलांची एक अडचण पुण्या-मुंबईच्या मुलांना कळणारच नाही. दाखला कन्नडमध्ये, घरचं नाव मराठी वळणाचं, इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कचेरीत निराळं. कर्नाटकातल्या गुणपत्रिकेवर आद्याक्षरं पुढे लावून नाव येतं, आधारवर वडिलांचं नाव मध्ये येतं, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. पाटील एका कागदावर एका स्पेलिंगनं, दुसऱ्यावर दुसऱ्या. डीएस-२०१९ असो वा ब्रिटनचं प्रायोजकपत्र, नाव पासपोर्टबरहुकूम लागतं. म्हणून निवडीच्या आधीच सगळे कागद एका ओळीत मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहावं. कन्नड किंवा गुजराती दाखल्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतरही लागू शकतं.

पोलीस पडताळणीचा दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून अर्ज करून मिळतो. फी ५०० रुपये. बेळगाव बंगळूरच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतं, गोव्याला पणजीचं स्वतःचं आहे, इंदूर-ग्वाल्हेर भोपाळखाली आणि बडोदा अहमदाबादखाली. घर निपाणीत आणि शिक्षण पुण्यात असेल तर पत्त्याचा प्रश्न येतो आणि चौकशी दोन पोलीस ठाण्यांतून फिरू शकते. दाखला साधारण सहा महिने ग्राह्य धरतात, त्यामुळे फार लवकर काढूनही उपयोग नाही.

पिशवीत काय न्यायचं

इतकं सगळं जमलं आणि पोरगं किंवा पोरगी खरंच तिथे पोचली, तर तिच्याकडे द्यायला काय आहे? योगासनं आणि बॉलिवूडचा नाच, हे उत्तर सगळे देतात. त्यापेक्षा गल्लीतले खेळ आठवावेत. लगोरीला सात चपटे दगड आणि एक चेंडू लागतो. दगडांऐवजी लाकडी ठोकळे आणि मऊ चेंडू घेतला की कोणत्याही शिबिराचा सुरक्षा अधिकारी मान डोलावेल. आट्यापाट्यांना मैदानावर खडूच्या रेघा पुरतात. लंगडीला तर काहीच लागत नाही आणि आठ वर्षांच्या मुलाचा सगळा जोर दहा मिनिटांत जिरतो. विटीदांडू मात्र नको, विटी डोळ्यात जाते. कबड्डी विचारूनच, कारण अंगाला भिडणारा खेळ आहे.

पावसाळी दिवसासाठी वारली चित्रं हुकमी. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढं येणाऱ्या मुलाला माणूस काढता येतो, आणि 'मला चित्र येत नाही' म्हणणारी मुलं आधी बसतात. बेळगाव-कोल्हापूरकडच्या पोरांना दिवाळीत मातीचे किल्ले करायची सवय असते. ती इथे सोन्यासारखी कामी येते. एक गट तट बांधतो, एक तळं खणतो, एक पुठ्ठ्याची माणसं करतो. चार दिवस मूल उद्याची वाट बघत घरी जातं. शिबिर चालवणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

इंग्रजीची भीती बाळगू नये, पण तयारी करावी. व्याकरणापेक्षा छोटी, ठाम वाक्यं लागतात. थांबा, रांग करा, जोडीदार शोधा, इकडे बघा. ही वाक्यं गर्दीत, मोठ्या पण न रागावलेल्या आवाजात म्हणायचा सराव जवळच्या मराठी शाळेत किंवा गणेश मंडळाच्या बालस्पर्धेत होऊ शकतो. तीन-चार शनिवार तिथे मुलं सांभाळली की दोन फायदे होतात. आपल्याला हे काम झेपतं का ते परदेशी जाण्याआधी, बसच्या तिकिटात कळतं. आणि शिबिराच्या मुलाखतीत 'मुलांबरोबर काम केलंय का' असं विचारलं की सांगायला काहीतरी असतं, शिवाय संदर्भपत्रावर सही करायला तिथल्या मुख्याध्यापक बाई असतात.